सागवान, फासळी आणि खिळा : मुंबई बांधणीच्या जहाजांचा जीर्णोद्धार व इतिहासाचा पुरावा

प्रास्ताविक

लाकडी जहाजाचे आयुष्य किती, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः लाकडाच्या जातीवरून दिले जाते. सागवान टिकाऊ, म्हणून सागवानी जहाजही टिकाऊ, असा हा सरळ हिशेब असतो. तो चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. जहाज ही एकसंध वस्तू नव्हे. ती शेकडो तुकड्यांची जुळणी असते, आणि ही जुळणी प्रथम सैल पडते ती बुडाच्या भागी, म्हणजे पाण्याखाली. तेथील फासळ्या आणि फासळ्यांना फळ्या जखडणारे खिळे, मोळे व बोल्ट यांची स्थिती हीच जहाजाच्या आयुष्याची खरी मर्यादा होय. फळी उत्तम असूनही खिळा गेला की जहाज जाते.

पश्चिम किनाऱ्यावरील नौकानयनाचा इतिहास आजवर आरमारे, लढाया, व्यापारी पेढ्या आणि बांधकाम करणारी घराणी यांच्या अंगाने लिहिला गेला. राधाकुमुद मुखर्जी यांचा भारतीय नौकानयनावरील ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईची गोदी व वाडिया घराणे यांविषयीचा रतनजी अर्देशीर वाडिया यांचा ग्रंथ १९५५ चा आहे. या लेखनात जहाजे केव्हा व कोणी बांधली याची माहिती विपुल आहे. ती दुरुस्त कशी झाली, त्यांतील काय बदलले गेले आणि काय राहिले, या प्रश्नाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे. वस्तुतः जे जहाज आज डोळ्यांपुढे आहे ते दुरुस्तीमुळेच आहे. म्हणून दुरुस्तीचा इतिहास समजल्यावाचून त्या जहाजाचा पुरावा म्हणून उपयोग करता येत नाही. प्रस्तुत विवेचन या मुद्द्यापुरते मर्यादित आहे.

लाकूड आणि पाणी

सागवानाच्या टिकाऊपणाचे उदाहरण पाहण्यासाठी समुद्रावर जाण्याचीही आवश्यकता नाही. पिंपरी-चिंचवडच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर कार्ल्याचे चैत्यगृह आहे. त्याच्या कमानदार छताखाली बसविलेल्या सागवानी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. या छताकडे खालून पाहणाऱ्यास उलट्या केलेल्या नौकेचे बुड आठवावे, इतके दोहोंच्या रचनेत साम्य आहे. मात्र साम्य येथेच संपते. चैत्यगृहातील फासळीवर भार फारसा नाही, तिच्याभोवती खारे पाणी नाही, आणि तिला रोज हजारदा पिळवटणारी लाटही नाही. तेच लाकूड जहाजाच्या बुडाशी गेले की त्याच्या आयुष्याचा हिशेब शतकांऐवजी दशकांत करावा लागतो.

हा फरक पडण्याची कारणे तीन. लाटेवर चढता-उतरताना जहाजाचा मध्यभाग व टोके यांवर आलटून पालटून ताण येतो. त्यामुळे प्रत्येक सांधा किंचित सरकत राहतो आणि खिळ्याचे भोक हळूहळू मोठे होते. दुसरे, उष्ण कटिबंधातील समुद्रात लाकूड पोखरणारे जीव बाहेरून फळीत शिरतात. तिसरे आणि प्रस्तुत संदर्भात सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे खाऱ्या पाण्यात धातूचे होणारे क्षरण.

लाकूड दुर्मिळ आहे याची जाणीव मराठी राज्यकर्त्यांस होती. रामचंद्रपंत अमात्य यांच्या अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कोठून व कसे आणावे याचा स्वतंत्र विचार आहे. राज्यातील अरण्यांतील सागवान परवानगीने तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून विकत घ्यावे, परंतु रयतेने वाढविलेल्या आंबा-फणसांस हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झाले असल्यास धन्यास राजी करून व मोबदला देऊनच ते घ्यावे, असा त्याचा आशय आहे. या नियमाकडे बहुधा प्रजाहिताचे उदाहरण म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु गोदीच्या दृष्टीने त्याचा आणखी एक अर्थ निघतो. जहाजाच्या फासळीस सरळ सोट चालत नाही. निसर्गतःच वाकलेले, तंतू वळणाबरोबर वळलेले लाकूड लागते. असे लाकूड हवे तेव्हा मिळत नाही. ज्या राज्यात ते जपून वापरावे लागते, तेथे जुन्या जहाजातील निकोप फासळी टाकून देणे परवडणारे नसते.

पश्चिम किनाऱ्यावरील जोडकामाच्या पद्धती

फळ्या एकमेकींस जोडण्याची किनाऱ्यावरील सर्वांत जुनी ज्ञात पद्धत शिवणीची होय. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात ओमानकडील शिवलेल्या नौकांचा उल्लेख आहे. याच ग्रंथात कल्याण, सोपारा व चौल ही कोकणातील बंदरेही येतात. या पद्धतीत फळ्यांच्या कडांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवल्या जातात आणि भोके राळेने बुजविली जातात. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकातील जहाजाच्या आधारे गोव्यात अशी एक नौका बांधण्यात आली. 'कौंडिण्य' या नावाने ती २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतकडे निघाली. शिवणीच्या नौकेचे वैशिष्ट्य असे की, तिच्यातील दुबळा घटक बदलता येण्याजोगा असतो. काथ्या कुजला की दोरी काढावी, त्याच भोकांतून नवी ओवावी. फळी जशीच्या तशी राहते.

खिळ्याच्या बांधणीत ही सोय नाही. घट्ट बसलेला खिळा उपसताना लाकूड फाटते, आणि त्याच भोकात नवा खिळा धरत नाही. तेव्हा खिळा असा करावा की तो लवकर बदलावाच लागू नये, हे ओघाने आले. १७७० च्या दशकात सुरतेस आलेला डच दर्यावर्दी स्टाव्होरिनस याने तेथील कारागिरांच्या कामाचे वर्णन केले आहे. फळ्यांच्या सपाट कडा नुसत्या शेजारी न ठेवता त्या खाचा पाडून एकमेकींत बसविल्या जात. एका कडेस शेंदूर लावून दुसरी तिच्यावर दाबायची, जेथे रंग उमटेल तो उंचवटा तासायचा, आणि कडा पूर्ण जुळेपर्यंत हे पुन्हापुन्हा करायचे, अशी रीत होती. मग चिकट द्रव्य व कापसाचा पातळ थर देऊन सांधा मिटवीत. लोखंडी मोळा आरपार ठोकून त्याचे टोक आतल्या बाजूस वळवून पुन्हा लाकडात रुतवीत.

या वर्णनातील मर्म असे की, येथे पाणी अडविण्याचे काम मुख्यतः सांधा करतो आणि आकार धरण्याचे काम फळ्यांचे कवच करते; खिळा त्यांस साहाय्यक असतो. कोकणातील मचवे, पडाव यांसारख्या लहान नौकांच्या परंपरागत बांधणीतही तळकणा, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील 'पठाण', मांडून त्यावर प्रथम फळ्या चढवायच्या व नंतर त्यांच्या वळणास अनुरूप फासळ्या आत बसवायच्या, असा क्रम आढळतो. युरोपातील मोठ्या जहाजांचा क्रम याच्या उलट होता. तेथे आधी फासळ्यांचा सांगाडा उभा राही आणि फळ्या त्यावर मागाहून चढत.

दुरुस्तीच्या दृष्टीने हा भेद निर्णायक ठरतो. कवच-प्रधान नौकेत आकार फळ्यांत साठविलेला असतो; एखादी फासळी काढली तरी तो ढळत नाही, आणि नवी फासळी जुन्या फळीच्या वळणावरून घडविता येते. सांगाडा-प्रधान जहाजात आकार फासळ्यांत असतो. तेथे एकदम अनेक फासळ्या काढल्या तर आकाराची स्मृतीच नाहीशी होते.

लवजी नसरवानजी वाडिया हे १७३५-३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईस आले, तेव्हा ही सुरती कारागिरी त्यांच्याबरोबर आली. पुढे १७५० पासून मुंबईत कोरड्या गोद्या बांधल्या गेल्या. १८१० मध्ये ब्रिटिश नौदलासाठी 'मिंडेन' हे मोठे लढाऊ जहाज मुंबईत पाण्यात उतरले. नौदलाची जहाजे लंडनहून आलेल्या आराखड्यांनुसार, म्हणजे सांगाडा-प्रधान पद्धतीने, बांधावी लागत. अशा रीतीने आराखडा परका, लाकूड मलबारी आणि हात सुरत-मुंबईच्या सुतारांचे, असा संयोग या गोदीत झाला.

लोखंड, तांबे आणि क्षरण

पोखरणाऱ्या जीवांपासून बुडाचे रक्षण करण्यासाठी ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या बुडास तांब्याचा पत्रा मारून पाहिला. दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा लाकूड सुरक्षित आढळले. परंतु तांब्याशी लागून असलेले लोखंडी खिळे झिजून गेलेले दिसले. जेथे दोहोंमध्ये कागदाचा थर राहिला होता, तेथील लोखंड मात्र बचावले होते. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांस टेकले की त्यांचा विद्युतघट तयार होतो आणि त्यांपैकी अधिक क्रियाशील धातू झिजतो. चाकणच्या परिसरातील वाहन कारखान्यांस पोलाद व अॅल्युमिनियम यांचे भाग एकत्र जोडताना ज्या प्रश्नाचा विचार करावा लागतो, तो तत्त्वतः हाच होय. १७८० च्या दशकात ब्रिटिश नौदलाने बुडाचे लोखंडी बोल्ट काढून तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट घालण्याचे मोठे काम हाती घेतले. हंफ्री डेव्ही याने १८२४ मध्ये उलट उपाय सुचविला : तांब्याच्या पत्र्यास लोखंडाचे तुकडे जोडावेत, म्हणजे ते झिजतील व तांबे वाचेल. तांबे वाचले खरे. परंतु न झिजणाऱ्या तांब्यावर शेवाळ व शिंपले चढू लागले आणि जहाजाचा वेग मंदावला.

क्षरणाचा परिणाम धातूपुरता मर्यादित राहत नाही. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो व लाकूड आतून फोडतो. विद्युतघटाच्या दुसऱ्या टोकाशी अल्कली निर्माण होते व तिच्यामुळे खिळ्याभोवतालचे लाकूड मऊ पडते. ओकच्या लाकडात टॅनिक आम्लाचे प्रमाण मोठे असल्याने लोखंडाशी त्याचा विशेष विरोध असतो. खिळ्याभोवती काळी वर्तुळे उमटून तेथील लाकूड निर्जीव होते. सागवानात असलेल्या तैलद्रव्यामुळे लोखंडी खिळा त्यात अधिक काळ टिकतो. सागवानी जहाजाचे दीर्घायुष्य केवळ लाकूड न कुजण्यात नसून, लाकूड व खिळा यांचे परस्परांशी जमण्यात आहे. १८११ मध्ये लेफ्टनंट कर्नल वॉकर याने ब्रिटिश नौदलाचे जहाज साधारण १२ वर्षांनी नवे करावे लागते, तर सागवानी जहाज ५० वर्षांहून अधिक टिकते, असे नमूद केले. त्यातील आकडे त्या काळच्या वादाच्या ओघातले असले, तरी त्यांचा रोख वरील विवेचनाशी जुळतो.

फासळी बदलण्याची रीत

मोठ्या जहाजाची फासळी एका तुकड्याची नसते. तळकण्यापासून कठड्यापर्यंतचे वळण एका झाडात सापडणे अशक्य असल्याने ती अनेक तुकड्यांची, दुहेरी थरात व सांधे पुढेमागे ठेवून जोडलेली असते. त्यामुळे एक संपूर्ण फासळी न काढता तिचा कुजलेला तुकडाच बदलता येतो.

प्रथम जहाजास गोदीत बाहेरून व आतून आधार देतात. कारण वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेल्या जहाजाची टोके खाली झुकलेली असतात आणि आधार चुकीचा बसल्यास हा दोष कायमचा होतो. मग आकाराची मापे घेऊन फर्मे तयार करतात. फासळ्या सलग न काढता मध्ये जुन्या राखून एकाआड एक, किंवा त्याहूनही विरळ क्रमाने काढल्या जातात. शेजारच्या जुन्या फासळ्या तोवर आकार सांभाळतात. बोल्ट शक्य तेथे आतून ठोकून बाहेर काढतात. तो मोडला तर त्याच्याभोवतीचे लाकूड पोकळ वेधणीने कापून गोल दट्ट्यासह काढावे लागते. जुने भोक लाकडी खुंटीने बुजवून नवे भोक शेजारी पाडतात, किंवा जुनेच रुंद करून अधिक जाड बोल्ट घालतात. तांब्याच्या बोल्टचे टोक चकतीवर ठोकून पसरविले की जोड पक्का होतो. नवा तुकडा जुन्यास लांब तिरप्या सांध्याने जोडतात, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही.

यांतील प्रत्येक पायरीवर दोन हेतूंचा संघर्ष असतो. बळकटीसाठी अधिक लाकूड काढणे सोपे व सुरक्षित वाटते. पुराव्यासाठी शक्य तितके कमी काढणे आवश्यक असते. संशयित लाकूड काढून टाकले तर जहाज बळकट होते, पण त्याबरोबर मूळ कारागिराच्या तासणीच्या खुणा, सांध्याची रीत, खिळ्याचा घाट हे सर्व जाते. लाकूड ठेवले आणि ते पुढे दगा देऊन बसले, तर जहाजच जाते.

'ट्रिंकोमाली'

या संघर्षाचे आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण म्हणजे 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट होय. तिचे मूळ आराखडे 'जावा' या जहाजातून मुंबईस येत होते. परंतु १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' ने 'जावा' चा पराभव केला आणि आराखडे गेले. दुसरी प्रत आल्यावर १८१६ मध्ये जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. पारशी प्रथेनुसार तळकण्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज मुंबईच्या पाण्यात उतरले.

पुढील इतिहास चढउतारांचा आहे. १८१९ मध्ये इंग्लंडला पोहोचल्यावर ते दीर्घकाळ राखीव राहिले. १८४५ च्या सुमारास त्यात फेरफार झाले. १८४७ पासून उत्तर अमेरिकेच्या व १८५२ पासून पॅसिफिकच्या सागरात त्याने काम केले. १८६० नंतर ते शिक्षणनौका झाले. १८९७ मध्ये मोडीत विकले गेलेले हे जहाज व्हीटली कॉब यांनी घेऊन 'फूद्रॉयां' या नावाने तरुणांच्या प्रशिक्षणासाठी वापरात आणले. हे काम १९८६ पर्यंत चालले. १९८७ मध्ये ते हार्टलपूल येथे नेण्यात आले. १९९० ते २००१ या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला आणि १९९२ मध्ये त्यास मूळ नाव परत मिळाले. एवढ्या मोठ्या कामानंतरही मूळ मुंबई-बांधणीच्या सागवानाचा मोठा भाग त्यात कायम राहिला.

याच काळात या घराण्यातील अन्य जहाजांचे काय झाले हे पाहिले म्हणजे या घटनेचे मोल कळते. १८१३ चे 'कॉर्नवॉलिस', ज्याच्यावर १८४२ चा नानकिंगचा तह झाला, ते शेवटी धक्का म्हणून वापरले गेले व १९५७ मध्ये मोडण्यात आले. १८१५ चे 'वेलस्ली' १९४० च्या हवाई हल्ल्यात बुडाले. १८२१ चे 'गँजीस' १९३० मध्ये मोडीत निघाले. पोर्टस्मथ येथे 'ट्रिंकोमाली' च्या शेजारी वर्षानुवर्षे उभे असलेले 'इम्प्लॅकेबल', हे १८०० चे मूळ फ्रेंच जहाज, दुरुस्तीचा खर्च पेलवेना म्हणून २ डिसेंबर १९४९ रोजी समुद्रात नेऊन बुडविण्यात आले.

खुद्द आपल्या किनाऱ्यावर परिस्थिती याहून बिकट आहे. आंग्र्यांचे आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग येथे जळाले. गिर्ये येथील वाघोटण खाडीकाठची मराठा गोदी दिसते; तिच्यात बांधलेले जहाज दिसत नाही. मराठी आरमाराचे कागद दप्तरांत आहेत, परंतु त्यांतील दुरुस्तीच्या शब्दांस पडताळून पाहण्यासाठी समोर लाकूड नाही. तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोठा सांगाडा कसा जोडला, हे प्रत्यक्ष पाहावयाचे तर ते एका इंग्रजी बंदरात पाहावे लागते. आणि तेथे कोणता तुकडा ठेवावयाचा, कोणता काढावयाचा, हा निर्णय म्हणजे आपल्या इतिहासाच्या साधनाविषयीचाही निर्णय असतो.

पाठचिकित्सा आणि जीर्णोद्धार

अशा जहाजाचे वाचन कसे करावे, याचे उत्तर पुण्यातील विद्यापरंपरेत आधीच उपलब्ध आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, वि. सी. सुखटणकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीने, निश्चित पाठ वर छापला गेला, पाठभेद खाली दिले गेले आणि जेथे पाठ निश्चित नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेषा काढण्यात आली. वाचकास संहिता सलग वाचता येते, आणि तीत संपादकाचा हात कोठे आहे हेही कळते.

जीर्णोद्धारित जहाज ही अशीच अनेक हातांनी हाताळलेली संहिता आहे. १८१७ ची फासळी, १८४५ चा फेरफार, प्रशिक्षणनौकेच्या काळातील डागडुजी आणि १९९० नंतरचे लाकूड ही तिच्यातील वेगवेगळी स्तरे होत. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंबाबत असे तत्त्व सांगितले की, बदललेला भाग संपूर्णाशी सुसंगत असावा, तथापि मूळ भागापासून वेगळा ओळखता यावा. जहाजाच्या बाबतीत त्याचे पालन साध्या उपायांनी होते : नव्या तुकड्यावर वर्ष कोरावे, काढलेल्या फासळीचे मापन करून तिचा नमुना व तिच्यातील खिळे जपावेत, प्रत्येक बोल्टची जागा व धातू नोंदवावा. ही नोंद म्हणजे जहाजाची नागमोडी रेषा होय. ती नसेल तर पुढील अभ्यासक १९९५ च्या सांध्यावरून १८१७ च्या कारागिरीविषयी अनुमान काढील आणि ते चुकीचे आहे हे कोणास दाखविताही येणार नाही.

सर्व तुकडे क्रमाने बदलले तर ते जहाज तेच राहते काय, हा तत्त्वज्ञांचा जुना प्रश्न आहे. इतिहासकारास त्याचे सर्वसामान्य उत्तर देण्याची गरज नाही. त्यास विचारावयाचा प्रश्न अधिक मर्यादित आहे : या जहाजातील कोणता तुकडा कोणत्या काळाविषयी साक्ष देतो? शिवणीच्या नौकेत दोरी दर काही वर्षांनी बदलते, तरी शिवण्याची रीत पिढ्यान्पिढ्या तीच राहते. तेथे साक्ष रीतीची असते. खिळ्याच्या जहाजात रीत बदलून गेलेली असते आणि साक्ष उरते ती लाकडात व धातूत. पहिल्यासाठी जिवंत कारागीर जपावा लागतो, दुसऱ्यासाठी जुनी फासळी.

उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. सागवानी जहाजाचे दीर्घायुष्य लाकूड आणि जोड यांच्या परस्परसंबंधावर अवलंबून होते. फळीपासून आरंभ करणारी किनाऱ्याची जुनी बांधणी आणि फासळीपासून आरंभ करणारी नौदलाची बांधणी यांच्या दुरुस्तीच्या गरजा भिन्न होत्या. मुंबईच्या गोदीत या दोहोंची गाठ पडली. आणि आज उरलेल्या जहाजाचे पुरावा म्हणून मूल्य त्याच्या दुरुस्तीच्या नोंदींवर ठरते.

या दिशेने पुढील काम येथेच करता येण्याजोगे आहे. आरमारासंबंधीच्या मोडी कागदांतील लाकूड, खिळे, राळ, काथ्या व सुतारांची मजुरी यांच्या नोंदी एकत्र करून त्यांची कोकणातील कारागिरांच्या बोलीतील संज्ञांशी सांगड घालता येईल. पठाण, वाक, नाळ हे शब्द कोशात आहेत. पण वाक कोणत्या झाडाच्या कोणत्या फांदीचा घ्यावा, हे कोशात नाही. ज्या सुतारांनी आयुष्यभर लाकडी होड्यांची बुडे उघडली आणि मिटविली, त्यांच्याकडून हे ज्ञान नोंदवून घेण्यास काळाची मर्यादा आहे; फायबरच्या होड्या किनाऱ्यावर वाढत आहेत, आणि त्यांच्या बुडास ना फासळी बदलावी लागते, ना खिळा.